मुळासकट तेरडा

तेरड्याचं फूल खुडून हातात घेण्यात काही अर्थ नाही. घरी पोचेपर्यंत पाकळ्या मऊ पडतात, एकमेकींना चिकटतात आणि तळहातावर गुलाबी ओलसर लगदा उरतो. त्याचा गजरा होत नाही, हार होत नाही. ताम्हनात ठेवलं तर आरती संपेपर्यंत मान टाकतं. फुलबाजारात तेरड्याच्या सुट्या फुलांना भाव नाही. असायचं कारणही नाही, कारण सुटं झालं की त्यात फुलपण फारसं उरतच नाही.

आणि तरीही भाद्रपदात, गणपती बसले की एक-दोन दिवसांत, कल्याण, ठाणे, दादरच्या बाजारांत शहापूर-मुरबाडकडच्या बाया तेरड्याच्या जुड्या घेऊन फुटपाथवर बसलेल्या दिसतात. जुड्या मुळासकट असतात, मुळांना लाल-काळी माती तशीच लागलेली असते. कल्याणला एक गिऱ्हाईक अशाच एका आजीशी हुज्जत घालत होतं. म्हणे मुळं छाटून द्या, पिशवीत चिखल होतो. आजीनं विळा उचललासुद्धा नाही. म्हणाली, "छाटू कशी? पाय हायेत ते गवरीचे."

तेरड्याचं याहून नेमकं रसग्रहण मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. गुलाबाचं, मोगऱ्याचं, चाफ्याचं सगळं सार फुलात येऊन बसतं. बाकीचं झाड नसलं तरी चालतं. तेरड्याचं तसं नाही. तो मुळापासून शेंड्यापर्यंत एकत्रच वाचावा लागतो. निव्वळ फूल पाहून मत बनवणारे त्याला किरकोळ ठरवतात, ते त्यामुळेच.

वनस्पतिशास्त्रात तो इंपेशन्स बाल्सामिना. लिनियसनं १७५३ साली त्याची नोंद केली. मूळचा भारत आणि ब्रह्मदेशाकडचा. बागेतून निसटून आज तो जगातल्या कितीतरी उष्ण प्रदेशांत रानटी झाला आहे, प्रशांत महासागरातल्या काही बेटांवर तर नको तितका. आपल्याकडे मात्र तो घरचा आहे, आणि घरच्या माणसाकडे होतं तसंच त्याच्याकडे दुर्लक्ष होतं.

त्याचं ठिकाण नीट समजून घेतलं पाहिजे. आसनगावला उतरून माहुली किल्ल्याच्या पायथ्याकडे निघालं, की भातखाचरं संपून साग-ऐनाचं रान सुरू होतं. मधूनमधून मोह, पळस, कुडा, करवंदीच्या जाळ्या. तिकडे मुरबाडहून सरळगाव, टोकावडे, वैशाखरे करत माळशेजकडे गेलं तरी डोंगरउताराचं रूप साधारण असंच. हे रान पानगळीचं. मार्च-एप्रिलमध्ये सागाची खरखरीत पानं खाली पडून चुरचुरत असतात, जमीन तडकलेली असते, आणि दर दोन-चार टेकड्यांआड एखादी वणव्यानं काळी झालेली दिसते. त्या दिवसांत तेरड्याचा मागमूस नसतो. कंद नाही, खोड नाही, वाळकी काडीसुद्धा नाही. पौषात म्हसा इथे जत्रा भरते, गुरांचा बाजार भरतो, तेव्हाही तो नसतो आणि नाणेघाटाखाली मे महिन्यात पाण्यासाठी पायपीट चालते तेव्हाही नसतो. असतं ते मातीत पडलेलं बी, मोहरीएवढं, तपकिरी. वर्षाचे सात-आठ महिने तेरडा म्हणजे एवढंच.

मग जूनचा पाऊस दोन-चार दिवस नेटानं लागला, की पाचोळ्यातून जाडसर गोल दोन दलं वर येतात. उघड्या कातळावर तो फारसा जात नाही आणि दाट सावलीतही रमत नाही. त्याला कडा आवडते. रानाची कडा, पायवाटेची कडा, शेताचा बांध, रस्त्यासाठी कापलेली दरड. जिथे माती हलली आहे, पाणी वाहून जातं आणि दिवसातून काही वेळ ऊन येतं, तिथे तो दाटीवाटीनं उगवतो. आवणी चालू असते तेव्हा त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नसते. आवणी उरकून कंबर सरळ करावी तोवर तो मांडीएवढा झालेला असतो.

इतक्या लवकर इतका मोठा कसा झाला, हे कळायला त्याचं खोड बघावं. अंगठ्याएवढं जाड, मांसल, पेरांशी फुगलेलं, आणि उजेडासमोर धरलं तर जवळजवळ आरपार दिसणारं. खालच्या बाजूला बहुतेक वेळा तांबूस झाक असते. नखानं दाबलं की पाणी निघतं. या खोडात लाकूड असं नाहीच. पाण्याच्या दाबावर ते उभं असतं. शाळेत लाल शाईच्या पाण्यात तेरड्याचं रोप ठेवून पाणी कसं वर चढतं ते दाखवायचे, आठवत असेल. लाल रेघा खोडातून वर सरकताना बाहेरून दिसायच्या. त्या प्रयोगासाठी तेरडाच निवडत, कारण त्याच्या पोटात काय चाललं आहे ते लपत नाही.

लाकूड न करण्यात मोठा शहाणपणा आहे. सागाला शंभर वर्षं काढायची आहेत, त्यानं लाकूड करावं. तेरड्याला चार महिने काढायचे आहेत आणि त्या चारही महिन्यांत पाण्याला तोटा नाही, मग पाण्याचाच खांब का करू नये? त्याची किंमतही तो मोजतो. ऑगस्टात पावसानं दोन दिवस दडी मारली आणि कडक ऊन पडलं, की दुपारी बांधावरचे सगळे तेरडे माना टाकून उभे असतात. पानं लोंबकळतात, शेंडे वाकतात. नवख्याला वाटतं, गेले. संध्याकाळी एक सर येऊ द्या, तासाभरात सगळे पुन्हा ताठ.

पानं लांबट, दोन्हीकडे निमुळती, कडेला बारीक दातेरी. पहाटे बघितलं तर एकेका दात्याच्या टोकाला पाण्याचा थेंब बसलेला असतो. ते दव असतंच असं नाही. रात्री मुळांनी ओढलेलं जादा पाणी पान कडेनं बाहेर टाकतं. पानाच्या देठाजवळ बारक्या ग्रंथींचे ठिपके असतात, ते बघायला मात्र भिंग हवं. आणि पानांना ठळक गोल भोकं किंवा अर्ध्या चंद्रासारखे घास दिसले, तर खालच्या बाजूला शोधावं. हॉक मॉथ जातीच्या एका पतंगाची अळी तेरड्यावर वाढते. काळपट, करंगळीएवढी, दोन्ही कुशींना पिवळ्या-नारिंगी डोळ्यांची रांग, आणि शेपटीकडे एक शिंग, जे ती चालताना पुढे-मागे हलवत राहते. तेरड्याच्या नाजूकपणाबद्दल कविता करणाऱ्यांनी ही अळी एकदा बघावी. एका रात्रीत एक रोप निम्मं करते.

आता फूल.

फुलं पानांच्या बगलेत येतात, एकेक किंवा दोन-तीन मिळून, आणि वरच्या पानाच्या आडोशाला राहतात. म्हणून उभ्यानं तेरडा बघितला तर हिरव्यातून गुलाबी डोकावताना दिसतो, इतकंच. खाली बसावं लागतं. बसून, एक पान बाजूला करून एक फूल समोर घ्यावं; तोडू मात्र नये. देठ दोऱ्याइतका बारीक आणि लवदार. या देठावर फूल जवळजवळ अर्धा फेरा फिरून उलटं झालेलं असतं. कळीत जी बाजू वर होती ती उमललेल्या फुलात खाली येते. हे वळण उगाच नाही, ते पुढे कळतं.

पहिल्या नजरेला तीन पाकळ्या दिसतात, पण असतात पाच. वरची एक सुटी, गोलसर, थोडी पुढे झुकलेली, पाठीवर हिरवी कणा-रेघ आणि टोकाला बारीकसा हिरवा काटा. उरलेल्या चार दोन-दोन करून जोडलेल्या. डावीकडची जोडी एक, उजवीकडची एक. प्रत्येक जोडीचा खालचा भाग मोठा आणि पसरट. कीटकाला उतरायला हा ओटा. बाहेरच्या बाजूला निदलं, म्हणजे कळीला झाकणारी पानं: दोन अगदी बारकी, हिरवट, आणि तिसरं सगळ्या रचनेला कलाटणी देणारं. ते पाकळीसारखं रंगीत, खोलगट होडीच्या आकाराचं, आणि मागे निमुळतं होत होत एका बारीक, बाकदार शेपटीत संपतं. मध असतो तो या शेपटीत. फूल अर्धा फेरा वळतं ते यासाठी. मधाची पिशवी खाली-मागे आणि छप्पर वर, अशी मांडणी त्या वळणामुळेच साधते. कोकणात चार महिने कोसळणाऱ्या पावसात पराग कोरडे ठेवायचे, तर छप्पर वरच हवं.

त्या छपराखाली, फुलाच्या तोंडाशी, पांढरट टोपीसारखं काहीतरी दिसतं. ते बघायचं सोडून पुढे जाणाऱ्यानं तेरडा पाहिलाच नाही म्हणावं. पाचही पुंकेसरांचे परागकोश एकत्र चिकटून ही टोपी झालेली असते, आणि टोपीच्या आत स्त्रीकेसर झाकलेला असतो. मधमाशी ओट्यावर उतरते, डोकं आत घालते, आणि तिच्या पाठीला टोपी घासून परागाची पांढरी पूड लागते. या अवस्थेत फूल फक्त नर. पुढे ही टोपी बुडातून सुटून आख्खीच्या आख्खी गळून पडते आणि आतली हिरवी कुक्षी उघडी होते. तेच फूल, तोच रंग, तोच मध, पण आता ते मादी. दुसऱ्या फुलाचा पराग पाठीवर घेऊन आलेली माशी आता त्याच जागी पाठ घासते. एकाच फुलाला दोन आयुष्यं, आणि ती एकापाठोपाठ एक. बांधावर दहा फुलं बघितली, की कुठलं कुठल्या अवस्थेत आहे ते लगेच ओळखता येतं. पांढरी टोपी असली तर नवं, हिरवं टोक दिसलं तर मुरलेलं.

आणि मग ते गळतं. इथे तेरड्याची एक खास लकब आहे. जास्वंद मिटून, चिपाड होऊन पडते. प्राजक्त ताजा पडतो, पण पहाटेच. तेरडा पाकळ्या आणि शेपटीसकट, रंग पुरता शाबूत असताना, दिवसाच्या कुठल्याही वेळी खाली येतो. कोमेजून झाडावर लटकत राहणं त्याला मंजूर नाही. म्हणून दाट तेरड्याखालची माती नेहमी गुलाबी दिसते, आणि वरचं झाड नेहमी ताजं. या दोन गोष्टी एकत्र बघायच्या असतात.

रंगांविषयी थोडं. या भागात गुलाबी-जांभळट रंग जास्त, पण एकाच उतारावर फिकट, गडद, मधूनच एखादा पांढरा असा खेळ दिसतो. बागेत लावतात तो दुहेरी, भरगच्च पाकळ्यांचा तेरडा मला आवडत नाही. पाकळ्या वाढवण्याच्या नादात त्या फुलाची टोपी, ओटा, शेपटी सगळं गुदमरून जातं, आणि समोर उरतो एक रंगीत गोळा. नर्सरीवाले त्याला गुलाबासारखं फूल म्हणून विकतात. गुलाबच हवा तर गुलाब घ्यावा.

फुलातलं हे सगळं हर्बेरियममध्ये हरवतं. पाणी हेच ज्याचं भांडवल, ते फूल कागदात दाबलं की काचेवरच्या डागाइतकं चपटं होतं आणि कुठली पाकळी कुठे होती ते सांगता येत नाही. जोसेफ डाल्टन हूकर हा एकोणिसाव्या शतकातला फार मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ. भारताच्या वनस्पतींचं सातखंडी काम हातावेगळं केल्यावर म्हातारपणी तो तेरड्याच्या कुळातल्या अशाच दाबलेल्या फुलांत अडकला, आणि १९११ साली चौऱ्याण्णव्या वर्षी वारला तोवर त्यातून सुटला नाही. जगभरात या कुळाच्या हजाराहून जास्त जाती आहेत, आणि सह्याद्री हे त्यांचं मोठं माहेर. माहुलीच्या वाटेवर ओल्या कातळाला चिकटलेली एक छोटी जात दिसते, घाटाच्या वरच्या अंगाला आणखी वेगळ्या. साताऱ्याचं कास पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथे सप्टेंबरात पसरणारा गुलाबी गालिचाही तेरड्याच्याच एका भावंडाचा. तिथे शुल्क भरून फुलं बघतात. शहापूर-मुरबाडच्या बांधावरचा तेरडा फुकट आहे, आणि मला वाटतं म्हणूनच त्याचे फोटो कमी निघतात.

आता त्या म्हणीकडे येऊ, कारण मराठीत तेरडा म्हटलं की ती आलीच. तेरड्याचा रंग तीन दिवस. नव्या नवरीच्या नव्हाळीपासून निवडून आलेल्या आमदाराच्या उत्साहापर्यंत सगळ्यांवर ही म्हण मारून झाली आहे. एका सुट्या फुलापुरतं बघितलं तर तिच्यात फारसं चुकीचं नाही. पण म्हण करणाऱ्यानं झाड बघितलं नव्हतं, किंवा उपटून घरात आणल्यावरच बघितलं होतं. जमिनीत उभा असलेला तेरडा वरून खाली नीट बघा. शेंड्याला टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या. त्याखाली फुगलेल्या, रंग दिसू लागलेल्या कळ्या. मधल्या पेरांवर उमललेली फुलं, वरची नवी, खालची मुरलेली. त्याखाली नुकत्याच धरलेल्या हिरव्या लवदार शेंगा. अगदी तळाला पोटभरल्या, फुटायला आलेल्या. एका दांड्यावर महिन्याभराचा काळ मांडलेला असतो, आणि फुलांचा पट्टा दर दिवशी थोडा वर सरकत असतो. एक फूल तीन दिवसांचं असेल. झाडाचा रंग ऑगस्टापासून सप्टेंबर उलटेपर्यंत टिकतो.

या रचनेवर सबंध सण उभा आहे. ज्येष्ठागौरींचं आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठा नक्षत्रावर, विसर्जन मूळ नक्षत्रावर. चंद्राच्या हिशेबानं ही तारीख दर वर्षी हलते, आणि अधिक मास आला की चांगलीच हलते. २०२३ साली अधिक श्रावण होता, गौरी आल्या २१ सप्टेंबरला. २०२५ साली आल्या ३१ ऑगस्टला. तीन आठवड्यांचा फरक. तेरड्याला पंचांग कळत नाही. तो पाऊस आणि दिवसाची लांबी बघतो. एकाच आठवड्यात फुलून संपणारं झाड असतं, तर तीन वर्षांतून एकदा तरी गौरी बिनफुलांच्या आल्या असत्या. तेरडा मात्र दोन्ही साली फुलावर होता. लवकरच्या गौरीला खालच्या पेरांवरची पहिली फुलं, उशिराच्या गौरीला शेंड्याकडची शेवटची. पिढ्यान्‌पिढ्या गौरीसाठी हेच झाड धरून ठेवणाऱ्या बायांना ही गोष्ट ठाऊक असणार, एरवी त्या अशा चंचल म्हणून नाव झालेल्या फुलावर विसंबल्या नसत्या.

देशावरच्या घरांत गौरी म्हणजे पितळी किंवा शाडूचे मुखवटे, कोठ्या, हात, दागिने. वर्षभर माळ्यावर ठेवायचे आणि भाद्रपदात काढायचे. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात, आणि खाली कोकणात पुष्कळ ठिकाणी, गौरीचं अंग म्हणजे तेरड्याची जुडी. भात पोटरीला आलेलं असतं, ओहोळ भरून वाहत असतात. बाया-पोरी रानाच्या कडेला जातात, उंच, सरळ, फुलांनी भरलेली रोपं निवडतात, मुळासकट हलक्या हातानं उपटतात. पावसानं माती इतकी सैल झालेली असते की जोर लावावा लागत नाही. मुळं धुऊन, रोपं एकत्र बांधून, ओवाळून घरात आणतात, वाटेवर पावलं काढलेली असतात. मग जुडीला लुगडं नेसवायचं, मुखवटा किंवा कागदावर रंगवलेला चेहरा बसवायचा, गळ्यात घरातलं असेल ते घालायचं. आवाहनाच्या दिवशी नैवेद्य भाजी-भाकरीचा. माहेरवाशीण लांबून चालत आली आहे, दमली आहे, तिला आल्या आल्या पंचपक्वान्नं नकोत, घरचं साधं हवं, हा त्यातला विचार. रात्री गौरीसमोर फेर धरायचा, गाणी म्हणायची.

देवीचं शरीर म्हणून जे झाड निवडलं ते बघा. सोनचाफा नाही, कमळ नाही. चार महिन्यांत उगवून जाणारं, पाण्यानं भरलेलं, बिनलाकडाचं झाड. लुगडं नेसवल्यावर त्याचा मांसल, लालसर दांडा अंगासारखाच लवतो. वाळक्या काडीला किंवा ताठ फांदीला ते जमलं नसतं. आणि पाय म्हणून मुळं. मुळं असली की जुडी पाणी धरून राहते, फुलं दोन दिवस जास्त तगतात, हा व्यवहार झाला. पण त्या आजीच्या वाक्यात व्यवहाराचा उल्लेख नव्हता. पाय छाटलेली माहेरवाशीण घरात कशी यायची, एवढाच तिचा प्रश्न होता.

तिसऱ्या दिवशी, मूळ नक्षत्रावर, गौरी काळू किंवा भातसा नदीला, नाहीतर गावच्या ओहोळाला जातात. पानं तोवर लोंबलेली असतात, लुगड्याच्या निऱ्यांत गुलाबी पाकळ्या गोळा झालेल्या असतात. म्हणीतले तीन दिवस बहुधा हेच. घरात राहिलेल्या गौरीचे दिवस कुणीतरी फुलाच्या नावावर मांडले असावेत, असा माझा कयास आहे. त्याला पुरावा देता येणार नाही.

त्या म्हणीला लांबच्या एका देशात सरळ उत्तर मिळतं. कोरियात मुली उन्हाळ्यात तेरड्याची फुलं आणि पानं तुरटी घालून ठेचतात, तो लगदा नखांवर ठेवून रात्रभर बांधून ठेवतात. सकाळी नखं केशरी-लाल होतात. मेंदीच्या पानात जे रंगद्रव्य असतं, लॉसोन, तेच तेरड्यातही असतं. हिंदीत त्याला गुलमेहंदी म्हणतात ते उगाच नाही. नख वाढेल तसा रंग टोकाकडे सरकतो. हिवाळ्यातला पहिला बर्फ पडेपर्यंत नखावर रंगाची कोर शिल्लक राहिली, तर पहिलं प्रेम सफल होतं, अशी तिथली समजूत. जपानी राजवटीत तर कुंपणाखाली उभ्या तेरड्यावरचं एक गाणं तिथे पराधीन देशाच्या दुःखाचं गाणं झालं. त्याची चाल १९२० च्या सुमारास होंग नान-पा या संगीतकारानं बांधलेली. एकाच झाडाचा रंग आपण अल्पजीवी म्हणून चिडवायला वापरला, त्यांनी टिकाऊपणाची परीक्षा म्हणून. झाड आपल्याकडचं, त्यामुळे जरा चुटपुट लागते.

शेवटी शेंग, आणि ती खरं तर फुलापेक्षा रंगतदार. फूल गळलं की देठ खाली वळतो आणि शेंग लोंबू लागते. मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती, अंगभर पांढरट लव. ती पिकली आहे की नाही हे रंगावरून नीट कळत नाही. हिरवी असतानाच ती पिकते. कळतं ते हात लावल्यावर. बोट टेकलं, वाऱ्यानं पान आपटलं, टपोरा थेंब पडला, की डोळ्याचं पातं लवायच्या आत पाच शिवणी एकदम उलगडतात, पाचही पट्ट्या आतल्या अंगाला वळून गुंडाळतात आणि बिया चहूकडे उडतात. हातात उरतं ते गुंडाळलेल्या पट्ट्यांचं एक हिरवं, ओलं वेटोळं, जे काही क्षण तळव्यावर वळवळल्यासारखं वाटतं. यात वाळणं, तडकणं असलं काही नाही. गवताचं बी वाळून पडतं, इतर झाडांच्या शेंगा उन्हात तडकतात. तेरडा पाण्याच्या दाबावर उभा राहतो, आणि बी फेकतो तेही हिरव्या, पाणी भरलेल्या भिंतींत साठलेल्या ताणाच्या जोरावर. मुळापासून शेंगेपर्यंत एकाच भांडवलावर चाललेला हा संसार आहे. गावातली पोरं शाळेच्या वाटेवर दोन्ही हातांनी शेंगा फोडत जातात आणि नकळत पुढल्या वर्षीची पेरणी करून ठेवतात.

मुळासकट उपटायची रीत बाहेरच्या माणसाला धोक्याची वाटते. वर्षायू झाड, बी धरायच्या दिवसांत उपटलं, तर संपणारच की! पण उशिराच्या गौरीला रोपाला हात लावताक्षणी तळाच्या पिकल्या शेंगा जागच्या जागी फुटतात. जुडी बांधून होईपर्यंत बी त्याच बांधावर पडलेलं असतं. लवकरच्या गौरीला शेंगा कोवळ्या असतात हे खरं, पण बाया उंच, सरळ रोपं घेतात. आखूड, वाकडी, करवंदीच्या जाळीत अडकलेली मागे राहतात आणि महिनाभर बी टाकत राहतात. अडचण आली आहे ती वेगळीकडून. गेल्या काही वर्षांत बांध विळ्यानं साफ करण्याऐवजी पंप पाठीला मारून तणनाशक फवारण्याची पद्धत पडली आहे. विळ्यानं कापलेला तेरडा पेरातून पुन्हा फुटतो. तणनाशक मारलेला चार दिवसांत पिवळा पडतो, शेंग धरण्याआधी. सलग दोन-तीन वर्षं असं झालं की त्या बांधावर तेरडा उगवत नाही, आणि गौरीच्या आदल्या दिवशी बायांना रानाच्या वरच्या अंगाला, माहुलीच्या किंवा गोरखगडाच्या उताराला, चढून जावं लागतं. परत येताना जुड्या डोक्यावर असतात, आणि पाऊस असला तर वाट निसरडी.